दोघांत एक तलफ

हणमंत घनवट यांनी आयुष्यात चौदा वेळा विडी सोडली होती, आणि चौदाही वेळा ती यशस्वीपणे सुटली होती. परत धरणं हा वेगळा विषय. पहिल्या वेळी त्यांनी निकोटिनची पट्टी दंडावर लावली आणि ती नीट बसली का हे बघत एक विडी ओढली. मग च्युइंगगम आलं. ते चघळून तोंड कोरडं पडायचं, म्हणून मध्ये मध्ये विडी. पुढे गोळ्या घेतल्या. त्या गोळ्यांनी विडीची चव जाते असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ती गेली. बिनचवीची विडी त्यांनी दोन महिने निष्ठेने ओढली. शेवटी घरच्यांनी शपथ घालून सगळी बंडलं विहिरीत टाकायला लावली. ती त्यांनी गळाने वर काढून उन्हात वाळवली.

हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा पंचनामा लिहून घेणाऱ्या हवालदारासारखा होता. साल दोन हजार एकेचाळीस. मी वडूजच्या धूम्रपानमुक्ती केंद्रात तंत्रज्ञ म्हणून नवीन लागले होते आणि हणमंतराव, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांच्या उजव्या पायाला करंगळी नव्हती. शेजारच्या बोटाचं टोक काळं पडलं होतं.

आजाराचं नाव बर्जर. विडीच्या धुराने हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, बंद होतात, आणि पाय टोकाकडून मरत वर येतो. रक्तवाहिन्यांच्या सर्जन डॉ. फरीदा मुलाणी यांनी अण्णांना दीड महिन्याची मुदत दिली होती. या रोगाला औषध एकच, विडी बंद. ती बंद झाली तर पाय राहील, नाही तर गुडघ्याखालून काढावा लागेल. अण्णांचा मंडपाचा धंदा होता, ‘घनवट मंडप डेकोरेटर्स’. दोन पाय असतानाही मंडपाच्या उंच शिडीवर चढताना देव आठवतो.

आमच्याकडच्या मशीनचं नाव ‘सोबत’. दिसायला ती दोन टोप्या आणि दोन पट्टे. टोपी डोक्याला, पट्टा छातीला. एक जोड पेशंटला, एक त्याच्या सोबत्याला.

आपल्या मेंदूत, कानापासून जरा आत, घडीमध्ये दडलेला एक भाग आहे. त्याला इन्सुला म्हणतात, म्हणजे बेट. शरीराच्या आतल्या बातम्या तिथे पोचतात: पोट भरलं, छाती धडधडली, श्वास कमी पडला. डॉक्टरांच्या फार पूर्वीच लक्षात आलं होतं की पक्षाघातात नेमकं हे बेट बुडालं तर काही माणसं विडी-सिगारेट विसरूनच जातात. सोडत नाहीत, विसरतात, जशी आपण लहानपणची गोट्यांची पिशवी विसरतो. निकोटिन तर शरीरातून थोड्याच दिवसांत निघून जातं. उरते ती तलफ, आणि तलफ म्हणजे या बेटाने बांधून ठेवलेला अंदाज, की येणारा श्वास धुराचा असणार. श्वास येतो, धूर येत नाही, बेट ओरडतं. म्हणून तलफेची लाट श्वासावर बसून येते. आत घेताना चढते, सोडताना उतरते.

‘सोबत’ ही लाट पेशंटच्या डोक्यातून वाचते आणि सूक्ष्म ध्वनिलहरींनी सोबत्याच्या बेटावर उमटवते. सोबती आयुष्यात कधीच न ओढलेला लागतो. लाट त्याच्यापर्यंत पोचते, पण ती काय मागतेय हे त्याच्या बेटाला कळत नाही. अनोळखी भाषेतलं पत्र आल्यासारखं ते क्षणभर बघतं आणि बाजूला ठेवून देतं. ते बाजूला ठेवणंच मशीन उचलतं आणि परत पेशंटच्या डोक्यात नेऊन सोडतं. एकवीस दिवसांत पेशंटचं बेटही पत्र बाजूला ठेवायला शिकतं.

कधी कधी सोबत्याचं थोडं जास्तच येतं. मायणीच्या एका शिक्षकांचे सोबती त्यांचे मुख्याध्यापक होते. सरांची सिगारेट सुटली, पण ते पावणेसातला शाळेच्या फाटकात उभे राहून उशिरा येणाऱ्यांची वाट बघायला लागले. एका जावयाने सासूबाईंना सोबती घेतलं. सिगारेट गेली, आणि त्याला स्वतःचंच वागणं पटेनासं झालं.

अण्णांसाठी सोबती शोधणं अवघड गेलं. त्यांची बायको शालनवहिनी मिश्री लावायच्या. मिश्रीला घर तंबाखूत धरत नाही, पण मेंदू धरतो. मुलीला सातवा महिना होता. आयुष्यात कधीच न ओढलेला मोठा माणूस गावभर शोधला तेव्हा दोन सापडले. एक एक्याण्णव वर्षांचे होते आणि त्यांना आपण ओढत नाही एवढं नक्की आठवत होतं, बाकी काही नाही. दुसरा बाळू.

बाळू म्हणजे अण्णांचा सख्खा धाकटा भाऊ बाळासाहेब, वय एक्कावन्न. धंद्यात भागीदार, दोन जनरेटरचा मालक, दोन मुलींचा बाप, आणि अण्णांसमोर सातवीतला मुलगा. अण्णा खोलीत आले की तो उठून उभा राहायचा. अण्णा काहीही म्हणाले की म्हणायचा, हो अण्णा. दोघांमध्ये तीस वर्षांत याच्यापेक्षा लांब संभाषण झालं नसावं.

फॉर्मवर सातवा प्रश्न होता, आपण कधी धूम्रपान केले आहे का. मी तो मोठ्याने वाचला. अण्णा शेजारच्याच खुर्चीत होते. बाळू म्हणाला, “छे छे. मला वास पण सहन होत न्हाय.” मग मी त्याला नळीत फुंकायला लावलं. फुंकरीत कार्बन मोनॉक्साइड जरा जास्त निघाला. तो म्हणाला, दिवसभर जनरेटरपाशी असतो. मी रकान्यात ‘जनरेटर’ असं लिहिलं.

ही माझी चूक. पण मीही इथलीच. माझे काका पन्नाशीचे आहेत आणि आजोबांसमोर अजून बडीशेपच खातात. थोरल्या भावाला शेजारी बसवून धाकट्याला असा प्रश्न विचारायचा, म्हणजे उत्तर आधीच छापून आणायचं.

पहिल्या दिवशी टोप्या चढवल्या आणि मशीन चालू केलं. आलेखावर तलफ शून्य ते शंभर अशी दिसते. अण्णांची साठाला सुरू झाली. ती बाळूकडे गेली की वीस-पंचवीस होऊन परत यायला हवी होती. परत आली ती नव्वद होऊन. पुढच्या श्वासाला शंभर, आणि मग आकड्याच्या जागी नुसती एक आडवी रेघ दिसू लागली. अण्णांनी खुर्चीचे हात धरले. बाळूच्या कपाळावरून घाम गळत होता. मग दोघांनीही एकाच वेळी मला सांगितलं की त्यांना लघवीला जायचंय. मी दोघांना बसवून ठेवलं, कारण नियमात तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी जोर निम्मा केला. फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी शालनवहिनी केंद्रावर आल्या आणि म्हणाल्या, अण्णांनी काल आधी घरातली आणि मग शेजाऱ्यांची उदबत्ती हुंगली, आता देवळाकडे निघाले होते. चौथ्या दिवशी अण्णा आले ते ओठात न पेटवलेली विडी धरूनच. काडेपेटी मुठीत होती. काळेपणा बोटाच्या पेरापर्यंत चढला होता. ते म्हणाले, पोरी, मी हरलो तर तुला दोष न्हाय, पण ही टोपी चढवली की मला दोन माणसांची तलफ लागते.

मी पुण्याच्या इंजिनिअरला आलेख पाठवला. त्याचा उलट फोन आला तेव्हा आवाजात भीती आणि कौतुक दोन्ही होतं. एवढी मोठी तलफ आजवर कुठे नोंदलीच गेलेली नाही, असं तो म्हणाला. मग त्याने विचारलं, माईक कर्ण्यासमोर धरला की काय होतं? कर्ण्याचा आवाज माईकमध्ये, माईकचा परत कर्ण्यात, आणि मग ती किंकाळी. तसं इथे होतंय. पण त्यासाठी पत्र दोन्हीकडे वाचता यायला हवं.

मी फोन ठेवला आणि काचेतून बाळूकडे बघितलं. तो टोपी घालून हात जोडल्यासारखा बसला होता.

त्याला बाहेर बोलावलं. व्हरांड्यात येताच त्याने आधी मला वेलदोडा दिला आणि मग सांगितलं. चौतीस वर्षं. दिवसाला एक बंडल. लग्नाच्या मंडपात स्वयंपाकाच्या बाजूला कनात बांधली की तो तिच्या मागे जायचा. अण्णा कनातीच्या पुढच्या बाजूला. मधल्या कापडातून धूर दोन्हीकडे जायचा, आणि दोघांनाही वाटायचं आचाऱ्याची चूल ओली आहे. अण्णाही लपूनच ओढायचे, धाकट्यापुढे वाईट उदाहरण नको म्हणून. करंगळी काढली त्या दिवसापर्यंत बाळूला अण्णांची विडी अधिकृतपणे माहीत नव्हती.

त्याने मला सांगितलं, मला काढून टाका, काहीही कारण लिहा, डोकं लहान आहे म्हणून लिहा, पण अण्णांना कळू देऊ नका. मी इंजिनिअरचं म्हणणं त्याला सांगितलं. दुसरा सोबती नाही. एकच वाट उरते. दोघेही पेशंट, दोघेही सोबती, जोर अगदी कमी ठेवून. चालेल याची खात्री नाही. पण त्यासाठी दोघांना एकमेकांच्या फॉर्मवर सही करावी लागेल, आणि सही करायच्या आधी वाचावं लागेल.

“न्हाय सांगितलं तर अण्णाचा पाय जातोय?”

“जातोय.”

तो आत गेला. मी मागे गेले. अण्णांची टोपी डोक्यावरच होती, बाळूचीही. मशीन बंद करायचं माझ्या लक्षातच आलं नाही. नियमाप्रमाणे चुका करायच्या मी तोवर संपवल्या होत्या, ही बिननियमाची.

बाळू अण्णांच्या समोर उभा राहिला.  आलेखावर आडवी रेघ होती.

“अण्णा, मी ओढतो.”

अण्णांनी ओठातली विडी काढली.  मला वाटलं आता उठून मुस्काटात मारतील. पायामुळे त्यांना पटकन उठता येत नव्हतं, आणि बाळूही गाल पुढे करायच्या तयारीत जरा वाकला होता.

“किती?” अण्णा म्हणाले.

“बंडल.”

“कवापास्नं?”

“बारावीला होतो.”

“कंची?”

“मोरछाप.”

अण्णांनी मान हलवली. “हां. तिला चव हाय.”

मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. ते ओरडले नाहीत. अमक्याच्या लग्नात तू जिलेबीच्या चुलीला शिव्या दिल्यास तेव्हा काय होतं, असं विचारलं. बाळूने सांगितलं. आणि तमक्याच्या बारशाला कनातीला भोक पडलं ते? तेही बाळूने सांगितलं. त्याने उलट विचारलं, आणि तुम्ही त्या साखरपुड्याला कापूर जळाला म्हणालात ते? अण्णांना ते कबूल करावं लागलं. एक बोलायचा, दुसरा ऐकायचा. मी सहज पडद्याकडे बघितलं.

आकडा परत आला होता. शंभर. ऐंशी. पन्नास.

मी जागेवरच बसले. पडद्यावर दोन लाटा होत्या, एक तांबडी, एक निळी, दोन्ही सारख्याच उंचीच्या. तांबडी चढत होती तेव्हा निळी उतरत होती. बोलणं म्हणजे काय, सावकाश सोडलेला श्वास. आणि मन लावून ऐकणारा माणूस समोरचं वाक्य संपायच्या आधीच श्वास आत घेतो. अण्णा सोडत होते तेव्हा बाळू घेत होता. बाळू सोडत होता तेव्हा अण्णा. विहिरीत दोन बाजूंनी दोन दगड पडले की तरंग एकमेकांत शिरतात, आणि काही ठिकाणी एकाची उंची दुसऱ्याच्या खोलीत नेमकी बसते. तिथे पाणी हलत नाही. दोन्ही तरंग तिथे असतात, आणि पाणी स्थिर असतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या दोन तलफा एकमेकींवरून जात होत्या, आणि खाली तिसरी, बेरजेची रेषा, पाच, तीन, एक, शून्य.

अण्णा वाक्याच्या मध्येच थांबले.

“मशीन बंद पडलं का गं?”

“नाही अण्णा. चालू आहे.”

“मग ते कुठं गेलं?”

“काय?”

त्यांनी छातीवर हात ठेवला. “आत एक जण असतो. आण, आण, आण म्हणतो. झोपेतबी म्हणतो. लग्नाच्या आधीपास्नं हाय त्यो.” ते जरा वेळ ऐकत राहिले. “गप झालाय.”

बाळूने आपल्याही छातीवर हात ठेवला. त्याचे डोळे मोठे झाले.  दोघं तसेच बसले होते, पहिल्यांदा समुद्र बघितलेल्या माणसांसारखे.  मला शाळेत शिकवलं होतं की शून्य म्हणजे काही नसणं. हे काही नसणं नव्हतं. यात दोन माणसं पूर्ण मावली होती.

मग आकडा वीस झाला. चाळीस. दोघं थक्क होऊन गप्प बसले होते, आणि गप्प बसल्यावर श्वास वाटेल तसे चालतात.

“बोला,” मी म्हणाले. “काहीही बोला. पण पाळीपाळीने.”

नवे फॉर्म भरले, सह्या झाल्या, टोप्या-पट्टे घरी दिले. तलफ दिवसाला चौदा-पंधरा वेळा यायची, प्रत्येक वेळी दहा-वीस मिनिटं. तेवढा वेळ दोन भावांना समोरासमोर बसून बोलावं लागायचं, आणि बोलायची तर सवय नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी मंडपाच्या सामानाची उजळणी केली. दोनशे बांबू, हो अण्णा, चाळीस गालिचे, हो अण्णा. हो अण्णा एवढ्याने लाट भागत नव्हती. लाटेच्या बदल्यात तेवढीच लाट लागते. बाळूला पूर्ण वाक्यं बोलावी लागली. तिसऱ्या दिवशी त्याने अण्णांना पहिल्यांदा सांगितलं की तुमचं चुकतंय. विषय गावच्या बारवेला पायऱ्या किती हा होता. अण्णा बावीस म्हणत होते, बाळू तेवीस. दोघं रिक्षाने जाऊन मोजून आले. तेवीस निघाल्या. अण्णा म्हणाले, खालची धरायची नसते, ती पाण्यात असते. ही चर्चा चार दिवस पुरली.

शालनवहिनी म्हणायच्या, आमच्या बचत गटाची बैठक याच्यापेक्षा लवकर संपते.

सतराव्या दिवशी मी पट्टे तपासायला त्यांच्या घरी गेले. दोघं ओसरीत बसले होते. मी बरोबर नेलेल्या पडद्यावर आकडा शून्याच्या आसपास होता. बोलता बोलता अण्णांनी विचारलं, पहिली विडी तुला दिली कुणी. त्याला नावं ठेवायची त्यांची तयारी दिसत होती.

बाळू म्हणाला, दिली नाही कुणी. सापडली. कनातीपाशी पडली होती, अर्धी, पेटलेली. कुणालातरी घाईत बोलावलं होतं, म्हणून टाकून गेला होता.

“कुणाच्या लग्नात?”

“तुझ्या.”

पहिल्यांदाच तो त्यांना अरे-तुरे बोलला होता. दोघांच्याही लक्षात आलं नाही. अण्णांना भटजींनी अंतरपाटासाठी बोलावलं होतं. त्यांना ते आठवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी मान खाली घातली, आणि बोलायची पाळी त्यांची होती.

आकडा चढायला लागला. तीस. पन्नास. पट्ट्याने बीप दिला. मी काही बोलणार होते, पण ही जागा माझी नव्हती. सत्तर. बाळूच्या हाताची बोटं आपोआप विडी धरल्यासारखी जुळली. चौकात दुकान उघडं होतं, चाळीस पावलांवर.

“अण्णा, बोल,” तो म्हणाला. “तुझी पाळी हाय.”

अण्णांनी श्वास घेतला. तो एवढा खोल होता की पडद्यावर तांबडी रेषा चौकटीच्या टोकाला भिडली.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “तुझ्या वाटंचं पण माझंच चुकलं.”

एवढं म्हणायला त्यांना पूर्ण श्वास लागला. बाळूने तेवढ्या वेळात तेवढाच आत घेतला. मी पडदा त्यांच्याकडे वळवला नाही. त्यांना गरज नव्हती.

एकविसाव्या दिवशी टोप्या-पट्टे उतरवले. मशीन बंद करून दोघांना अर्धा तास गप्प बसवलं, हीच परीक्षा असते. दोघं खिडकीतून बाहेर बघत बसले. माझ्याकडे मोजायला काहीच नव्हतं, तरी मी घड्याळ धरून बसले होते. तीस मिनिटांनी अण्णा म्हणाले, आता बोललं तर चालतंय का, का दंड हाय?

दीड महिना भरला तेव्हा मी त्यांच्याबरोबर डॉ. मुलाणींकडे गेले. त्यांनी पाय दिव्याखाली धरून तपासला. काळ्या बोटाचं टोक वाळून गळलं होतं आणि खाली नवी कातडी आली होती. मग त्या म्हणाल्या, पाय राहतोय. मागच्या वेळी घोट्यापाशी यंत्रालाही ठोका सापडला नव्हता, आज बोटाला लागतोय. त्यांनी बाळूला विचारलं, बघायचाय का? घोट्याच्या आतल्या बाजूला, या हाडामागे, दोन बोटं ठेवा. दाबू नका.

बाळू खाली वाकला. त्याने अण्णांच्या पायाला हात लावला, आणि अण्णांचा उजवा हात आपोआप वर उठला आणि त्याच्या डोक्यावर गेला.

“सुखी रहा,” अण्णा म्हणाले.

“अरे मी ठोका बघतोय.”

“मग बघ की. तुला कुणी अडवलंय?” अण्णा म्हणाले, आणि हात तिथेच ठेवला.

बाळूने बोटं जरा सरकवली. मग थांबला.  तो तसाच वाकलेला राहिला, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ, आणि ओठांनी मोजत होता.

पाय गरम होता.